सयाममधील ब्रिटिश वकिलात : पदनामांच्या अर्थांतराचा इतिहास

एखाद्या राज्याने दुसऱ्या राज्यात आपला प्रतिनिधी ठेवला म्हणजे दोहोंमध्ये समानतेचे नाते प्रस्थापित झाले, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः त्या प्रतिनिधीस कोणत्या नावाने संबोधिले आहे, यावरच ते नाते समानतेचे की अंकिततेचे हे ठरत असते. आग्नेय आशियातील सयाम, म्हणजे आजचे थायलंड, या देशातील ब्रिटिश प्रतिनिधित्वाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. सुमारे सव्वाशे वर्षांच्या काळात तेथील ब्रिटिश प्रतिनिधीचे पदनाम अनेकदा पालटले, आणि प्रत्येक पालटामागे सयामच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न उभा होता.

या इतिहासाचा आरंभ लंडनमध्ये नव्हे, तर कलकत्त्यात झाला. गव्हर्नर जनरल मार्क्विस हेस्टिंग्ज याने पाठविलेला जॉन क्रॉफर्ड १८२२ मध्ये बँकॉकला पोहोचला. त्याच्याजवळ पत्र होते ते इंग्लंडच्या राजाचे नव्हे, तर गव्हर्नर जनरलचे. सयामी दरबाराच्या दृष्टीने गव्हर्नर जनरल हा एका राजाचा सुभेदार होता. त्याच्या दूतास राजदूताचा मान देण्याचे कारण नव्हते. क्रॉफर्ड फारसे काही न साधता परतला. त्यानंतर हेन्री बर्नी याने जून १८२६ मध्ये तह घडवून आणला, तो पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध नुकतेच संपले असताना. हा तह सयामी, मलय, पोर्तुगीज व इंग्रजी अशा चार भाषांत लिहिला गेला. एकमेकांची भाषा थेट जाणणारे लोक दोन्ही पक्षांत दुर्मिळ होते, आणि मलय व पोर्तुगीज या त्या किनाऱ्यावरील व्यवहाराच्या मध्यस्थ भाषा होत्या. बर्नीच्या तहाने व्यापाराचे नियम ठरविले. परंतु बँकॉकमध्ये कायम राहणारा ब्रिटिश अधिकारी सयामने मान्य केला नाही.

या नकाराचे महत्त्व समजण्यासाठी हिंदुस्थानातील 'रेसिडेंट' या संस्थेकडे पाहावे लागते. पुण्यास पेशव्यांच्या दरबारी १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा रेसिडेंट म्हणून आला. १८११ मध्ये त्या पदावर एल्फिन्स्टन आला. आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. रेसिडेंट नेमला गेल्यामुळेच राज्य बुडाले, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे योग्य होणार नाही. तथापि दरबारातील मसलतींवर नजर ठेवणारा आणि पुढे त्या मसलती चालविणारा अधिकारी, असा त्या शब्दाचा अर्थ अनुभवाने रूढ झाला होता. खुद्द बर्नी १८३० मध्ये ब्रह्मदेशाच्या आवा दरबारी रेसिडेंट झाला, आणि ब्रह्मदेशाचे राज्य १८८५ मध्ये लयास गेले.

सयामची गोष्ट निराळी घडली, याचे एक कारण १८५५ च्या तहात सापडते. १८५० मध्ये आलेल्या सर जेम्स ब्रूकला रिक्त हस्ते परतावे लागले होते. पण १८५१ मध्ये राजा मोंगकुट गादीवर आला. तो इंग्रजी शिकलेला असून हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग याच्याशी त्याचा त्या भाषेत पत्रव्यवहार होता. बाउरिंग आला तो राणी व्हिक्टोरियाचा मुखत्यार म्हणून. १८ एप्रिल १८५५ रोजी झालेला तह इंग्रजी व सयामी या दोनच भाषांत होता, आणि दोन्ही पाठांचा अर्थ एकच आहे असे त्यात नमूद होते. मध्यस्थ भाषा गळाल्या, तसाच कलकत्ताही मध्यस्थ राहिला नाही. या तहाने बँकॉकमध्ये 'कॉन्सल' ठेवण्यास मान्यता मिळाली. तहाला अंतिम मंजुरी मिळून ब्रिटिश निशाणाची दहा जहाजे व्यापारासाठी बंदरात येईपर्यंत त्याने कामास आरंभ करू नये, अशी अट होती. कॉन्सल हा व्यापारासाठी आहे, राज्यकारभारासाठी नाही, हेच तीतून सूचित होते.

परंतु पदनाम सौम्य असले तरी अधिकार सौम्य नव्हता. आयात जकात शेकडा ३ वर बांधली गेली, आणि ब्रिटिश प्रजाजनांवरील फिर्यादी कॉन्सलपुढे चालू लागल्या. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे केवळ इंग्रज नव्हेत. ब्रह्मदेश, हिंदुस्थान व मलायातून आलेले लोकही त्यांत मोडत. त्यामुळे कॉन्सल हा सयामच्या भूमीवरील परकीय न्यायाधीश झाला. पहिला कॉन्सल चार्ल्स हिलियर १८५६ मध्ये, नेमणूक झाली त्याच वर्षी, वारला. त्यानंतर गियानाचा संशोधक म्हणून ख्यातनाम असलेला सर रॉबर्ट शोम्बुर्क आला आणि १८६४ मध्ये टॉमस जॉर्ज नॉक्स. नॉक्स पूर्वी सयामच्या दुय्यम राजाच्या सैन्यास कवायत शिकवीत असे. सयामी भाषेच्या ज्ञानामुळेच तो दुभाषी म्हणून कचेरीत शिरला आणि पुढे तिचा प्रमुख झाला.

१८७५ मध्ये नॉक्सला 'एजंट व कॉन्सल जनरल' हे पद मिळाले. 'एजंट' हा शब्द हिंदुस्थानी संस्थानांच्या परिभाषेतला. कैरोतही ब्रिटिश प्रतिनिधी हेच नाव धारण करी, कारण ईजिप्त नाममात्र का होईना तुर्की सुलतानाच्या अधीन होते. पूर्ण स्वतंत्र राजाच्या दरबारी शोभणारे हे नाव नव्हते. १८७९ मध्ये नॉक्सचा सयामी जावई फ्रा प्रीचा याला अटक झाली, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी नॉक्सने लढाऊ गलबताचा धाक घातला. लंडनने त्याला पाठिंबा दिला नाही. नॉक्सला पद सोडावे लागले आणि फ्रा प्रीचाला देहान्त शासन झाले. एजंटाला दरबारावर हुकूम चालविता येत नाही, हे या प्रकरणाने उघड झाले.

१८८० नंतरच्या काही वर्षांत सयामने राजपुत्र प्रिस्दांग याला युरोपात आपला वकील म्हणून ठेवले. प्रतिनिधित्व आता दुहेरी झाले. बँकॉकमध्ये १८८४ साली आलेला अर्नेस्ट सॅटो १८८५ मध्ये 'मिनिस्टर रेसिडेंट' झाला. येथे 'रेसिडेंट' हा शब्द पुन्हा भेटतो. परंतु तो पुण्याचा रेसिडेंट नव्हे. १८१८ च्या एक्स-ला-शापेलच्या परिषदेने युरोपीय राजदूतांच्या श्रेणींत जो वर्ग समाविष्ट केला, त्याचे हे नाव. एकच शब्द एका परंपरेत पालकत्वाचा, तर दुसऱ्या परंपरेत मान्यतेचा वाचक होता, आणि सयामला दुसरा अर्थ लाभला.

न्यायाधिकार मात्र सहज सुटला नाही. १९०९ च्या तहाने सयामने केडा, केलांटन, त्रेंगानू व पर्लिस या मलय प्रदेशांवरील हक्क सोडले. मोबदल्यात ब्रिटिश प्रजाजनांवरील अधिकाराचा बराच भाग सयामी न्यायालयांकडे आला आणि रेल्वेसाठी ४० लक्ष पौंडांचे कर्ज मिळाले. १९२५ च्या तहाने उरलेली बंधने आणखी शिथिल केली. शिकाऊ दुभाषी म्हणून १९०४ मध्ये नोकरीस लागलेला जोसाया क्रॉस्बी १९३४ मध्ये मंत्री-वकील झाला. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य देशात उतरले आणि क्रॉस्बी वकिलातीतच अटकेत पडला. २५ जानेवारी १९४२ रोजी थायलंडने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. १ जानेवारी १९४६ च्या सिंगापूर कराराने ती युद्धस्थिती संपली. १९४७ मध्ये वकिलातीस पूर्ण दूतावासाचा दर्जा मिळून जेफ्री थॉम्प्सन पहिला 'अँबॅसडर' झाला.

नदीकाठची मूळ कचेरी सोडून वकिलात १९२० नंतरच्या दशकात प्लेनचित रस्त्यावरील विस्तीर्ण आवारात गेली होती. ते आवार विकण्याचा व्यवहार २०१८ मध्ये सुमारे ४२ कोटी पौंडांस जाहीर झाला, आणि २०१९ मध्ये दूतावास एका उंच इमारतीतील कार्यालयात हलला. क्रॉफर्डला ज्या नगरीत गव्हर्नर जनरलचा निरोप्या म्हणून मान नाकारला गेला, तेथे आज ब्रिटनचा राजदूत इतर राष्ट्रांच्या राजदूतांसारखाच एक आहे. हे अंतर सयामने लढाया जिंकून तोडले नाही. कोणता अधिकारी कोणत्या नावाने येऊ द्यावयाचा याविषयी सयामने जी जागरूकता राखली, तिचा या वाटचालीतील वाटा उपेक्षणीय नाही. आणि जेथे नाव सौम्य पण अधिकार कठोर होता, तेथे तो अधिकार परत मिळविण्यासाठी त्याला भूमीच्या रूपाने किंमत मोजावी लागली. म्हणून राजनीतीच्या अभ्यासकाने पदनामांस केवळ शिष्टाचार समजू नये, आणि केवळ पदनामांवरून अधिकाराचे मापही करू नये.