अर्ध्या रक्ताचा नायक

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्तातल्या व्हिडिओ गेमवर ज्यांनी मे महिन्याच्या सुट्ट्या घालवल्या, त्यांना ‘कॉन्ट्रा’ काय ते सांगावं लागत नाही. जामनेर असो की चोपडा, रीत एकच: कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. ‘कॉन्ट्रा’ काढणाऱ्या कोनामी कंपनीनेच त्याआधी, सप्टेंबर १९८६ मध्ये, जपानात ‘अकुमाजो ड्रॅक्युला’ हा गेम आणला होता. बाहेरच्या जगात तो ‘कॅसलव्हेनिया’ म्हणून गाजला. भुताटकीच्या किल्ल्यात शिरायचं, जिने चढत वर जायचं आणि शेवटी ड्रॅक्युलाला गाठायचं, एवढीच गोष्ट. आज अशा गेमची फौज उभी आहे आणि त्यांच्यावर जपानी व्हँपायर अ‍ॅनिमेचा प्रभाव आहे, हे जवळपास गृहीतच धरलं जातं. प्रभाव आहे, पण लोक दाखवतात त्या जागी तो नाही, असं मला वाटतं.

तारखा मोहात पाडतात. हिदेयुकी किकुची यांची ‘व्हँपायर हंटर डी’ ही कादंबरी १९८३ची. तिच्यावरचा अ‍ॅनिमे चित्रपट डिसेंबर १९८५ मध्ये आला आणि त्यानंतर नऊच महिन्यांत कोनामीचा गेम. त्यातही किल्ला आणि सरदार पिशाच, यातही तेच. लावा जोडी!

पण गेम सुरू करून पाहा. नावाच्या पाटीला फिल्मच्या पट्टीसारखी भोकांची किनार आहे. शेवटच्या श्रेयनामावलीत बोरिस कार्लोफ, बेला लुगोसी, ख्रिस्तोफर ली यांच्या नावांची चेष्टेने मोडतोड केलेली आहे. वाटेत ममी भेटते, फ्रँकनस्टाइनचा राक्षसही भेटतो. हा सगळा जुन्या इंग्रजी-अमेरिकी भयपटांचा बाजार, आणि बनवणारे तो उघडपणे मिरवतात. नायक सायमन बेलमाँट हा चाबूकवाला गडी. मेणबत्ती फोडली की पत्त्यातल्यासारखा बदाम मिळतो, भिंत फोडली की कधी भाजलेलं मटण. (शेकडो वर्षांच्या किल्ल्यातलं ते मटण सायमन बिनधास्त खातो आणि त्याला बरंही वाटतं.) एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. वटवाघूळ आपटलं की मागे फेकला जाऊन तो थेट खड्ड्यात. सायमन अंगाने, मनाने पुरता माणूस आहे, आणि त्या गेमचा छळ त्यातूनच येतो.

किकुचींच्या कादंबरीचा नायक ‘डी’ तसा नाही. बाप पिशाच, आई माणूस. पिशाचांची शिकार हाच त्याचा धंदा, पण ज्यांना मारायचं त्यांचंच रक्त अंगात. त्याच्या डाव्या तळहातावर एक बोलणारा चेहरा आहे आणि तो मालकाला टोमणे मारत असतो. योशिताका अमानो यांनी रंगवलेला हा डी सडपातळ, लांब केसांचा, उदास आणि देखणा. देखण्या, दुःखी पिशाचाची ही परंपरा जपानी कॉमिक्समध्ये आधीच रुजली होती. मोतो हागिओ यांच्या ‘पो घराण्या’ची मालिका १९७२ मध्ये सुरू झाली. अ‍ॅनिमेने गेमला दिला तो हा अर्ध्या रक्ताचा नायक. किल्ला, वटवाघळं आणि शवपेट्या सिनेमाने आधीच देऊन ठेवल्या होत्या.

१९८९च्या तिसऱ्या ‘कॅसलव्हेनिया’त ड्रॅक्युलाचा मुलगा अल्यूकार्ड सोबतीला येतो. त्याचीही आई माणूस. नाव १९४३च्या अमेरिकी सिनेमातलं असलं तरी जात डीचीच. खरी उलथापालथ १९९७ मध्ये याच मालिकेतल्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’मध्ये झाली. तिथे अल्यूकार्डच नायक, आणि अयामी कोजिमा यांनी काढलेलं त्याचं रूप अमानोंच्या चित्रांशेजारी ठेवलं तर भाऊबंदकी लपत नाही.

मात्र चेहऱ्यापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. पिशाचाचं रक्त असल्यामुळे अल्यूकार्ड वटवाघूळ होतो, लांडगा होतो, धुकं होऊन जाळीतून पलीकडे जातो. मघाशी बंद असलेली वाट आता उघडते. सायमन फक्त पुढे जायचा. अल्यूकार्ड मागे येतो, कोपरे धुंडाळतो. मग अख्खा किल्ला उलटा होतो आणि छतावरून चालावं लागतं. कर्त्यांपैकी कोजी इगाराशी यांनी या आराखड्यामागे ‘झेल्डा’ या गेमची प्रेरणा सांगितली आहे, तेव्हा सगळं श्रेय अ‍ॅनिमेला देता येणार नाही. पण किल्ल्याची किल्ली नायकाच्या रक्तातच ठेवायची, ही सोय अर्ध्या पिशाचामुळेच झाली. २००१च्या ‘डेव्हिल मे क्राय’चा दान्तेही असाच, सैतान बापाचा नि माणूस आईचा.

पुढची ये-जा भराभर. १९९९ मध्ये खुद्द डीवर प्लेस्टेशनचा गेम निघाला, २००० मध्ये त्याच्यावर दुसरा चित्रपट आला. २०१७ मध्ये टेक्ससमधल्या स्टुडिओने ‘कॅसलव्हेनिया’ची अ‍ॅनिमे ढंगाची मालिका केली, तिची गोष्ट त्या १९८९च्या गेममधली. २०१५च्या ‘ब्लडबोर्न’ गेममधले टोपीवाले शिकारी पाहून तशीच टोपी घालणारा डी आठवतो हे खरं; पण नुसत्या टोपीवरून मी वंशावळ मांडणार नाही.

आपल्याकडे व्हँपायर आला तो नारायण धारपांच्या ‘लुचाई’तून, स्टीफन किंगच्या कादंबरीचा मराठी अवतार होऊन. पडद्यावर रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ १९९० मध्ये आला. पण धारपांचा भुतांशी लढणारा नायक समर्थ. आणि आपल्या खान्देशातला भगत घ्या. दोघेही भुताच्या पूर्ण विरुद्ध बाजूचे. भूत झाडावर, भगत अंगणात, मध्ये लिंबू. अर्धा इकडचा अर्धा तिकडचा नायक मराठी भयकथेने फारसा केला नाही. ‘मुंज्या’ या २०२४च्या चित्रपटात बिट्टू त्या भुताच्या रक्तातलाच निघतो, पण त्या नात्याने त्याच्या वाट्याला नुसती पीडा येते.

गेम बनवायचा हुन्नर आपल्याकडे नाही असं नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ करून दाखवला, तोही राजस्थानी महाल आणि पहाडी चित्रशैली घेऊन. भयाच्या वाटेला मात्र ते गेले नाहीत. आणि कच्चा माल तर २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटात तयारच पडलाय. दोर सोडून वाड्याच्या विहिरीत उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे करून तिथला राक्षस हस्तर खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या आणि वर पळायचं. हे नियम कुठल्याही गेमच्या स्टेजचे आहेत. हाव सुटून एकदम पुष्कळ बाहुल्या खाली नेल्या, तर प्रत्येक बाहुलीमागे एक हस्तर उभा राहतो.