अपवाद आणि स्वल्पविराम

संगणकाला काम सांगतांना सर्व कांहीं सुरळीत होईल असें गृहीत धरून चालत नाहीं. अंकाच्या जागीं अक्षर येतें. यादींत दहाच नोंदी असतां अकरावी मागितली जाते. अशा अडचणीला आज्ञावलीच्या परिभाषेंत 'अपवाद' म्हणतात. तो झेलण्याची सोय अगोदर केलेली नसेल, तर आज्ञावली जागच्या जागीं थांबते.

गिडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेंत ही सोय 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' या दोन शब्दांनीं होते. 'ट्राय'खालीं करावयाचें काम लिहावयाचें आणि 'एक्सेप्ट'पुढें कोणता अपवाद झेलावयाचा त्याचें नांव. अयोग्य मूल्याचा अपवाद तो 'व्हॅल्यूएरर'. यादीबाहेरच्या क्रमांकाचा तो 'इंडेक्सएरर'. दोहोंवर उपाय एकच असेल, तर दोन्ही नांवें एका ओळींत कशीं लिहावींत?

'एक्सेप्ट व्हॅल्यूएरर, इंडेक्सएरर' असें लिहावें, हें कोणाच्याहि मनांत प्रथम येईल. परंतु पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत येथील स्वल्पविरामाचा अर्थ निराळा होता. पहिला शब्द अपवादाचा, आणि दुसरा म्हणजे झेललेल्या अपवादाला द्यावयाचें नांव! पहारेकऱ्यास दोघांना अडविण्यास सांगावें, त्यानें पहिल्याला अडवून त्यालाच दुसऱ्याचें नांव द्यावें, आणि दुसरा मात्र खुशाल आंत जावा, तसाच हा प्रकार. संगणक तक्रार करीत नसे. चूक उघडकीस येई ती इंडेक्सएरर प्रत्यक्ष उद्भवे त्या दिवशीं. आणि तो दिवस पुष्कळदां आज्ञावली लोकांच्या वापरांत गेल्यानंतरचा असे.

यावर उपाय कंसाचा. 'एक्सेप्ट (व्हॅल्यूएरर, इंडेक्सएरर)' असें लिहिलें म्हणजे दोन्ही नांवांचा एक गट होतो, आणि गटांतील कोणताहि अपवाद झेलला जातो. २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनें नांव देण्यासाठीं 'ॲज' हा स्वतंत्र शब्द सक्तीचा केला. त्यामुळें ती फसवी ओळ काम सुरू होण्यापूर्वींच नाकारली जाऊं लागली. जावा भाषेनें २०११ सालीं याच कामासाठीं दोन नांवांमध्यें उभी रेघ स्वीकारली.

२०२५ सालच्या ३.१४ या आवृत्तीपासून, 'ॲज' नसेल तेथें कंस गाळण्याची मुभा पायथननें दिली आहे. म्हणजे जी ओळ एके काळीं घातक होती, तीच आतां मनांतला अर्थ बरोबर सांगते. म्हणूनच जुनी आज्ञावली हातीं घेणाऱ्यानें, ती कोणत्या आवृत्तीसाठीं लिहिली आहे, हें आधीं पाहावें आणि मगच स्वल्पविरामावर विश्वास ठेवावा.