सातबारा, उसाचं बिल आणि जर्मनीचा व्हिसा

माजलगाव, केज, अंबाजोगाईकडची मुलं शिकायला पुण्याला गेली आणि त्यांतली काही पुढे जर्मनीत नोकरीला लागली. आता ती आईवडिलांना म्हणतात, "दोन महिने येऊन राहा." पासपोर्ट निघतो, पण व्हिसाच्या कागदांची यादी हातात पडली की घर गप्प होतं. त्या यादीत पगारपत्रक, कंपनीचं रजेचं पत्र, आयकर विवरण असं सगळं असतं, आणि शेतकऱ्याकडे यातलं एकही नसतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी भेटतो आणि "पगारपत्रक करून देतो" म्हणतो. ते करू नका. खोटा कागद पकडला गेला तर हा अर्ज तर जातोच, पुढचे अर्जही अवघड होतात. आणि त्याची गरजही नसते. लागणारे बहुतेक पुरावे शेतकऱ्याच्या घरात आधीच असतात. ते परक्या अधिकाऱ्याला वाचता येतील असे मांडायचे, एवढंच काम आहे.

फाईल वाचणाऱ्याला चार गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही कोण, कशासाठी निघालात, खर्च कोण करणार आणि परत का येणार.

तुम्ही कोण, हे पासपोर्ट सांगतो. तो दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, शेंगेन देशांतून (जर्मनी त्यांतलाच) निघाल्यानंतर पुढे किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलीमीटरचा, ताजा. चेहरा गोरा करू नका, असं स्टुडिओवाल्याला आधीच बजावा. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लावली. नवरा, बायको, दीर अशा सगळ्यांची तीच तारीख असली तरी बिचकू नका. पासपोर्टवर जी तारीख आहे तीच अर्जात, विम्यात आणि तिकिटाच्या आरक्षणात आली पाहिजे. नावाचंही तसंच. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव एका तऱ्हेने आणि पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेने असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलजवळच्या नोटरीकडून करून घ्या.

कशासाठी निघालात, याला मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत आणि नात्याचा पुरावा लागतो. मुलाचा जन्म घरी झाला आणि नोंद राहून गेली, असं अनेक घरांत असतं. अशा वेळी मुलाच्या पासपोर्टचं शेवटचं पान कामी येतं, कारण त्यावर आईवडिलांची नावं छापलेली असतात. सोबत त्याचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा.

खर्चासाठी जर्मनीत एक सोय आहे. मुलगा आपल्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, पाहुण्यांचा सगळा खर्च मी करीन अशी अधिकृत हमी लिहून देतो. त्या हमीचा मूळ कागद कुरिअरने गावी मागवा, अर्जाला तोच लागतो. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा हवा. तिकिटाचं फक्त आरक्षण दाखवा, व्हिसा हातात येण्याआधी पैसे भरून तिकीट काढू नका.

परत का येणार, हा सगळ्यांत मोठा प्रश्न. शेतकऱ्याचं उत्तरही इथेच सगळ्यांत भक्कम असतं, पण ते कागदावर उतरत नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. त्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही. सोबत आठ-अ घ्या, म्हणजे गावातल्या तुमच्या सगळ्या गटांचं एकूण क्षेत्र एका कागदावर येतं. सातबाऱ्यात नमुना सात मालकी सांगतो आणि नमुना बारा पीक. 'इतर हक्क'मध्ये पीककर्जाचा बोजा असेल तर लपवू नका. शेतीत कर्ज असतंच, आणि बँकेने कर्ज दिलं म्हणजे जमीन कसणारा खरा, हेही त्यातून दिसतं. दोन्ही कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. क्षेत्र हेक्टरमध्ये असतं, ते तसंच ठेवा.

आता बँकेचा उतारा. यादीत साधारण तीन महिन्यांचा मागतात. नोकरदाराच्या तीन महिन्यांत तीन पगार दिसतात, शेतकऱ्याच्या तीन महिन्यांत कधीकधी काहीच दिसत नाही. उसाचे पैसे गाळपाच्या हंगामात येतात, सोयाबीन-कापसाचे दिवाळीच्या आगेमागे. म्हणून शाखेच्या शिक्क्याचा पूर्ण वर्षाचा उतारा द्या आणि त्यातल्या प्रत्येक मोठ्या जमेला कागद जोडा. कारखान्याच्या बिलावर उसाचं टनेज, दर, कपाती आणि शेवटी निव्वळ रक्कम असते. तीच निव्वळ रक्कम उताऱ्यात कोणत्या तारखेला जमा झाली ते शोधा आणि दोन्हीकडे पेन्सिलीने एकच क्रमांक घाला. आडतीची पट्टी असो की बैलजोडी विकल्याची बाजार समितीतली पावती, तिलाही असाच क्रमांक द्या. अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून दोन लाख खात्यात फिरवून आणण्यापेक्षा वर्षभराच्या खऱ्या नोंदी कितीतरी जास्त बोलतात.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नसलं तर तसं एका ओळीत स्पष्ट लिहा. भरत असाल तर शेतीचं उत्पन्न त्यात दाखवा. ते पाच हजारांच्या वर असेल तर पहिल्या क्रमांकाचा सोपा फॉर्म चालत नाही, हे सल्लागाराला विचारून घ्या.

या सगळ्याला बांधणारं एका पानाचं पत्र असतं. त्यात रब्बी निघाल्यावर आम्ही जातो, मुलाकडे अमुक दिवस राहतो आणि खरिपाच्या पेरणीआधी परततो, असं तारखांसह सांगा. मागे शेत आणि जनावरं कोण बघणार, तेही लिहा. या व्हिसावर नव्वद दिवसांपर्यंत राहता येतं म्हणून नव्वद मागू नका. राहायचंय तेवढेच मागा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. प्रवासाच्या पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत आहे, तिथवर थांबू नका. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो आणि उन्हाळ्याआधी गर्दी असते. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. पहिल्या वेळी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला स्वतः जावं लागतं. कामाने बोटं झिजलेली असतील तर घाई न करता ठसे पुन्हा द्या. नकार आल्यास जर्मनीच्या दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करायची सोय जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. उरतं ते कोर्ट किंवा नवा अर्ज. म्हणून पहिलीच फाईल नेटकी हवी.

शेवटचं सांगणं मुलांना. फॉर्म तुम्ही तिकडून भरा, पण पाठवण्याआधी एका संध्याकाळी फोनवर तो आईवडिलांना मराठीतून वाचून दाखवा. किती दिवस, कुणाकडे, कुणाच्या खर्चाने, हे त्यांना तोंडपाठ असू द्या. खिडकीपलीकडून विचारणा झाली तर उत्तर त्यांनाच द्यायचं आहे, आणि अर्जाखाली सहीही त्यांचीच आहे.