विश्लेषण : क्लाउडचे बिल नेमके कोणाच्या नावावर?

क्लाउड कंपनीचे बिल येते ते यंत्रांचे. कुबरनेटिस क्लस्टरमध्ये मात्र एकाच यंत्रावर अनेक विभागांचे कंटेनर चालतात. अख्ख्या इमारतीला एकच वीजमीटर असावा, तसा हा प्रकार. मग कोणी किती खर्च केला?

ओपनकॉस्टसारखा एजंट ही फोड करून देतो. २०२२ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे आलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प ‘हेल्म’च्या साह्याने क्लस्टरमध्ये बसवता येतो. वापराच्या नोंदी ठेवणारे ‘प्रोमिथियस’ सहसा त्याच्या जोडीला असते. या नोंदींना यंत्राच्या दराची जोड देऊन एजंट नेमस्पेसनिहाय खर्च मांडतो.

खरी गोम हिशेबाच्या पद्धतीत आहे. प्रत्यक्ष वापर आणि राखून ठेवलेली क्षमता, यांपैकी जे जास्त ते धरले जाते. चार कोअर राखून एकच वापरणाऱ्या विभागाच्या नावावर चारही कोअर लागतात. विभागांची कुरकुर सुरू होते ती इथेच. पण हे न्याय्यच म्हणायला हवे, कारण राखलेली जागा नव्या कंटेनरसाठी मोकळी धरली जात नाही.

दरांकडेही लक्ष हवे. क्लाउड कंपनीशी झालेल्या करारातील सवलत एजंटला कळवली नाही, तर तो जाहीर दरानेच हिशेब करतो आणि आकडा प्रत्यक्ष बिलापेक्षा फुगलेला दिसतो.