आधी नोंद, मग प्रसिद्धी : बौद्धिक संपदेची तोंडओळख

माघ-फाल्गुनात कळमनुरीच्या आसपासच्या शिवारांतून हळद शिजवल्याचा वास येतो. हळद काढणे, गड्ड्यापासून हळकुंडे मोडून वेगळी करणे, शिजवणे, वाळवणे, ढोलात घालून पॉलिश करणे ही कामे आमच्या शाळेतील अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील करीत आले आहेत. कोणी स्वतःच्या शेतात, तर पुष्कळसे दुसऱ्याच्या. बेणे कसे राखावे, हळद शिजली हे कसे ओळखावे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. मग हे ज्ञान कोणाचे? त्यावर परक्या कोणी हक्क सांगितला तर? आणि आमच्याच एखाद्या विद्यार्थ्याने त्यात नवी भर घातली, तर ती त्याच्या नावावर कशी राहील? या प्रश्नांची उत्तरे ज्या कायद्यांत आहेत, त्यांना आपण बौद्धिक संपदेचे कायदे म्हणतो. शेतजमिनीचा सातबारा आपल्याला समजतो. बुद्धीने निर्माण केलेल्या वस्तूचाही एक सातबारा असतो, हे मात्र आपल्याला फारसे कोणी सांगितलेले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सांगावे, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ हळदीपासूनच करू. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. जखमेवर हळद दाबणे हा आपल्याकडे घराघरातला उपाय. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक तेव्हा गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. मात्र 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' एवढे सांगून भागणार नव्हते. लिखित पुरावा हवा होता. परिषदेने एकूण ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने त्या पेटंटातील दावे नाकारले. अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून पुढे आपल्या देशाने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्ञान खरे होते म्हणून आपण जिंकलो, हे अर्धेच सत्य आहे. ते कोणीतरी लिहून ठेवले होते, म्हणून जिंकलो.

या प्रकरणातून पेटंटची पहिली कसोटी स्पष्ट होते : नावीन्य. आपल्या देशात पेटंट कायदा, १९७० लागू आहे. त्यानुसार शोध नवा असावा लागतो. त्या विषयातील जाणकारालाही तो सहज सुचण्यासारखा नसावा लागतो. आणि उद्योगात त्याचा उपयोग व्हावा लागतो. या तिन्ही कसोट्यांवर उतरलेल्या शोधाला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे संरक्षण मिळते. नुसत्या कल्पनेला, वैज्ञानिक सिद्धांताला, शेतीच्या पद्धतीला, वनस्पतींना व बियाण्यांना, तसेच पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही. म्हणजे हळद लावण्याच्या रीतीला पेटंट नाही. हळकुंडे वेगळी करणाऱ्या नव्या यंत्राला मात्र मिळू शकते. हा हक्क ज्या देशाने दिला त्या देशापुरताच असतो. भारतातले पेटंट परदेशात चालत नाही.

आता समजा, आमच्या वसतिगृहातील एखाद्या मुलीने आईची सोललेली बोटे पाहून हळकुंडे मोडण्याचे साधे, हाताने चालणारे साधन तयार केले. आम्ही शिक्षक काय करू? कौतुकाने ते विज्ञान प्रदर्शनात मांडू, वर्तमानपत्रात फोटो देऊ, चित्रफीत सर्वांना पाठवू. आणि त्याच दिवशी त्या साधनाचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपलेले असेल. कारण जे जगापुढे आले ते नवे राहत नाही, मग ते स्वतः संशोधकाने उघड केलेले का असेना. शासनाने राजपत्रात जाहीर केलेले प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध असे मोजके अपवाद आहेत, पण तेही बारा महिन्यांपुरते. शोधनिबंध छापण्याची घाई करणाऱ्या तरुण संशोधकांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी वहीत नोंद, मग अर्ज, मग प्रसिद्धी.

हे काम वाटते तितके दुष्प्राप्य नाही. शोध पूर्णत्वास गेला नसला तरी प्राथमिक विवरणासह अर्ज करून तारीख राखून ठेवता येते. संपूर्ण विवरण त्यानंतर बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. व्यक्तीने स्वतःच्या नावे ऑनलाइन अर्ज केल्यास अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. तपासणीचे शुल्क वेगळे. शैक्षणिक संस्थांना शुल्कात मोठी सवलत आहे. अवघड असते ते विवरणाचे लेखन. त्यासाठी जाणकाराचे साहाय्य घ्यावे. त्याआधी मार्गदर्शक, संस्था आणि विद्यार्थी यांच्यात हक्क कोणाचा, हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी विश्वासावर सुरू झालेली अनेक कामे श्रेयाच्या प्रश्नापाशी येऊन कटू होतात.

लेखनाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, याहून सोपा आहे. कविता, लेख, चित्र, संगणकाची आज्ञावली निर्माण होताच हा हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ सालचे. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हा हक्क २०१६ च्या अखेरीस संपला. 'द बुद्धा अँड हिज धम्म' त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रकाशित झाला, म्हणून त्याची मुदत वर्षभराने पुढे गेली. आज हे मूळ ग्रंथ कोणासही छापता येतात. संरक्षणाला मुदत असते आणि मुदतीनंतर ज्ञान सर्वांचे होते, हे यावरून समजावे. मालाचे नाव वा बोधचिन्ह जपायचे असेल तर ट्रेडमार्क, आणि वस्तूचे बाह्य रूप जपायचे असेल तर डिझाइन, अशा आणखी दोन नोंदण्या आहेत. ट्रेडमार्कचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते.

काही हक्क एकट्याचे नसून समूहाचे असतात. आपल्याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विशिष्ट प्रदेशाची माती, हवा आणि तेथील माणसांचे कसब यांमुळे मालाला जो गुण येतो, त्याची ही कायदेशीर ओळख. तथापि मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला आपोआप लाभ होतो, असे नाही. ते नाव पिशवीवर लावण्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. पालकांनी याची चौकशी अवश्य करावी.

शेवटी एका शेतकऱ्याची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. आपल्या शेजारचे नांदेड ते हे नव्हे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते दाणे राखले, वेगळे पेरले, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक तांदळाचे एक उत्तम वाण सिद्ध केले. त्याला नाव नव्हते. लोकांनी त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' म्हटले. हा तांदूळ दूरवर पोहोचला. पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. ते आपल्याच बियाण्यावरून केले आणि श्रेय आपणांस दिले नाही, ही खोब्रागडे यांची तक्रार होती. वाणाचे शुद्धीकरण आम्ही केले, ही विद्यापीठाची बाजू. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. पण ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले तेव्हा ज्या तांदळाने अनेकांची घरे भरली, त्याने त्यांचे दारिद्र्य हटवले नव्हते.

त्यांच्या निवडीच्या काळात पिकांच्या वाणांना संरक्षण देणारा कायदाच देशात नव्हता. तो २००१ मध्ये झाला. आता शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची त्याच्या नावे नोंदणी होऊ शकते आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. शेतातील बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्कही त्याला आहे; केवळ कंपनीच्या ब्रँडखाली ते विकता येत नाही. कायदा आला, तो वापरणारी माणसे घडवणे उरले आहे, आणि ते शाळांचे काम आहे.

कोणी विचारील, ज्यांना शतकानुशतके ज्ञान नाकारले गेले, त्यांनीच आता ज्ञानाला कुंपण घालावे काय? प्रश्न रास्त आहे. पण पेटंट हे गुपित नव्हे. संशोधकाने आपला शोध सविस्तर उघड करावा आणि त्याबदल्यात समाजाने त्याला ठरावीक मुदतीचा हक्क द्यावा, असा तो करार आहे. शिवाय नोंद झालेले ज्ञान हवे तर सर्वांना मुक्तपणे वाटता येते, आणि देणाऱ्याचे नाव त्यासोबत जाते. नोंद नसलेले ज्ञान मात्र वाटले जात नाही, नुसते निघून जाते.

म्हणून प्रयोगाला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही एकच साधी सवय सांगतो. बांधीव वही घ्या, सुटे कागद नकोत. जे केले ते त्याच दिवशी लिहा. फसले तेही लिहा. पानाखाली तारीख घाला, सही करा आणि शिक्षकांची सही घ्या. या वहीने पेटंट मिळत नाही; अर्ज करावाच लागतो. पण काम कोणी केले, कधी केले, असा प्रश्न उद्या उभा राहिला, तर उत्तर द्यायला ते पान जागेवर असेल.