जुन्या निगेटिव्हसाठीं स्कॅनर कोणता घ्यावा?

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं आजोबांच्या काळच्या निगेटिव्ह व स्लाइड्स पत्र्याच्या डब्यांत पडून असतात. पावसाळ्यांत त्यांस बुरशी लागते, रंग विटतात. डबा उघडतांच शिरक्यासारखा आंबूस वास आला तर फिल्मच कुजूं लागली असें समजावें व विलंब करूं नये.

स्कॅनर पाहण्यापूर्वीं आपली फिल्म पाहावी. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ × ३६ मिलिमीटर असतें. जुनी १२० नंबरची फिल्म सुमारें सहा सेंटिमीटर रुंद असल्यानें ३५ मिलिमीटरच्या फिल्म-स्कॅनरांत मावतच नाहीं; तिला झांकणांत दिवा असलेला सपाट स्कॅनर हवा. चित्र मोठें असल्यामुळें तो पुरतोहि. ३५ मिलिमीटरला मात्र स्वतंत्र फिल्म-स्कॅनरच आम्हांस बरा वाटतो.

खोक्यावरील आंकड्यास भुलूं नये. आम्हीहि एकदां भुललों होतों. इंचास ६४०० बिंदू म्हणविणाऱ्या सपाट यंत्रांतून खरा तपशील कधीं कधीं चतुर्थांशच निघतो. याउलट खरे २४०० मिळाले, तर सुमारें ३४०० × २२७० बिंदूंचें चित्र होतें, आणि घरच्या फोटोस तें विपुल आहे.

धुळीचे डाग काढण्याची अवरक्त किरणांची सोय बहुतेक रंगीत फिल्मवर उत्तम चालते. कृष्णधवल फिल्ममधील चांदी ते किरण अडविते. तेथें त्या सोयीचे जादा पैसे देणें व्यर्थ, फुंकणी व मऊ कुंचला पुरे. चित्रें थोडींच असतील तर फोटोवाल्याकडूनच स्कॅन करून घ्यावीं; पुष्कळ असतील तर दोन-तीन कुटुंबांनीं वर्गणी करून यंत्र घ्यावें.