मेरुरज्जूची इजा आणि दाम्पत्यजीवन : उपचार व सावधगिरी

मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातील पोकळीतून कमरेपर्यंत उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोरीस मेरुरज्जू म्हणतात. झाडावरून पडून किंवा वाहनाच्या अपघातात मणका मोडून ही दोरी दुखावली, म्हणजे इजेखालील भागाची हालचाल व संवेदना नष्ट किंवा क्षीण होतात, हे सर्वपरिचित आहे. मूत्राशय, आतडी आणि जननेंद्रिये यांचेही नियंत्रण याच दोरीतून होते, याचा मात्र विसर पडतो. यांपैकी शेवटच्या विषयासंबंधी रोगी संकोचाने विचारीत नाही आणि पुष्कळदा वैद्यही बोलत नाही. हे मौन प्रसंगी प्राणघातक कसे ठरते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

इजेने काय बदलते?

पुरुषाच्या इंद्रियास ताठरता दोन मार्गांनी येते. स्पर्शाने येणारी ताठरता ही प्रतिक्षिप्त क्रिया असून तिचे केंद्र मेरुरज्जूच्या अगदी खालच्या टोकाशी, त्रिकास्थीकडे जाणाऱ्या तंतूंच्या उगमापाशी असते. विचाराने किंवा दर्शनाने येणारी ताठरता मेंदूकडून छातीच्या शेवटच्या व कमरेच्या पहिल्या खंडांतून येणाऱ्या संदेशांवर अवलंबून असते. इजा मानेत किंवा छातीत झाली असल्यास पहिला मार्ग बहुधा शिल्लक राहतो. परंतु ताठरता टिकत नाही व वीर्यस्खलन क्वचितच होते. स्त्रियांची मासिक पाळी काही महिने थांबून पुन्हा सुरू होते आणि गर्भधारणेची क्षमता सामान्यतः कायम राहते.

उपचार आणि त्यांचे धोके

१९९८ पासून उपलब्ध झालेल्या सिल्डेनाफिल व त्याच वर्गातील पुढील गोळ्यांचा मेरुरज्जूच्या रुग्णांपैकी पुष्कळांना उपयोग होतो. परंतु मानेत इजा झालेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब मुळातच ९० ते ११० च्या आसपास असतो. गोळीने रक्तवाहिन्या सैल होऊन तो आणखी उतरतो व घेरी येते. म्हणून प्रारंभ अल्प मात्रेने करावा लागतो.

गोळीचा गुण न आल्यास इंद्रियात औषध टोचण्याची पद्धती आहे. अशा रुग्णांच्या रक्तवाहिन्या बहुधा निरोगी असल्याने थोडे औषधही पुरेसे होते. मात्रा अधिक झाली तर ताठरता ओसरतच नाही. अडकलेल्या रक्तातील प्राणवायू संपून पेशी मरू लागतात. निरोगी मनुष्यास अशा वेळी असह्य वेदना होतात व तो रुग्णालयाकडे धावतो. परंतु ज्याची संवेदनाच गेली आहे, त्यास धोक्याची ही सूचना मिळत नाही. त्याने घड्याळावर विसंबले पाहिजे. चार तास उलटूनही ताठरता कायम असेल, तर तो तातडीचा प्रसंग समजावा.

घड्याळाचा हा नियम अन्यत्रही लागू पडतो. निर्वात नळीच्या साहाय्याने ताठरता आणून बुडाशी रबरी कडे बसवितात. ते तीस मिनिटांच्या आत काढले नाही, तर कातडीस जखम होते आणि ती रुग्णास कळतही नाही. शस्त्रक्रियेने आत बसविलेल्या कृत्रिम दांड्याही याच कारणाने कातडी झिजवून बाहेर येतात किंवा त्यांत जंतुसंसर्ग होतो. म्हणून हा उपाय अखेरचा मानतात.

रक्तदाबाचे संकट

सर्वांत गंभीर धोका निराळाच आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी केंद्र उघडणारे लुडविग गुटमन यांनी व्हिटरिज यांच्यासह १९४७ मध्ये त्याचे वर्णन केले. छातीच्या सहाव्या खंडापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल, तर खालच्या भागातील तीव्र उत्तेजनाने तेथील रक्तवाहिन्या एकदम आकुंचन पावतात. त्या सैल करण्याचा मेंदूचा आदेश इजेपलीकडे पोहोचत नाही. परिणामी रक्तदाब झपाट्याने चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो आणि नाडी बहुधा मंदावते. उपाय न झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

तुंबलेले मूत्राशय हे याचे नित्याचे कारण होय; परंतु समागम, वीर्यप्राप्तीसाठी वापरले जाणारे कंपनयंत्र आणि प्रसूतीच्या कळा यांनीही हे संकट ओढवते. कधी कधी तर लक्षणे न दिसताही दाब चढलेला असतो. म्हणून कंपनयंत्राचा पहिला प्रयोग वैद्यकीय देखरेखीखाली, रक्तदाब मोजीत करावा. लक्षणे दिसताच उत्तेजन थांबवावे, रुग्णास बसते करावे, कपडे व पट्टे सैल करावेत आणि लघवीची नळी अडली आहे काय, ते पाहावे. एवढ्याने दाब न उतरल्यास रुग्णालयात न्यावे.

येथेच मौनाचा खरा धोका उद्भवतो. हा रक्तदाब उतरविण्यासाठी काही ठिकाणी नायट्रेट वर्गातील औषध देतात. रुग्णाने सिल्डेनाफिल घेतले असेल, तर पुढील निदान २४ तास, आणि टाडालाफिल घेतले असेल तर ४८ तास, हे औषध देणे वर्ज्य आहे. दोहोंच्या संयोगाने रक्तदाब कोसळून मृत्यूही येऊ शकतो. अशा वेळी वैद्याने दुसरे औषध निवडावयाचे असते. पण गोळी घेतल्याचे रुग्णाने किंवा त्याच्या पत्नीने सांगितले, तरच त्यास तसे करता येते. लज्जेने लपविलेले एक वाक्य येथे जीव घेऊ शकते.

उपसंहार

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रजनन व कुटुंबनियोजन यांविषयी योग्य माहिती दिव्यांग व्यक्तींना मिळेल, अशी व्यवस्था करण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. तथापि कायद्याने दिलेला अधिकार प्रश्न विचारल्यावाचून पदरात पडत नाही. इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब आणि चालू असलेली औषधे यांची नोंद रुग्णाने कागदावर लिहून सदैव जवळ ठेवावी, पती-पत्नी दोघांनीही ती समजून घ्यावी, आणि वैद्यासमोर या विषयाचा उच्चार इतर कोणत्याही व्याधीप्रमाणेच निःसंकोचपणे करावा. उपचार सुरक्षित होण्याचा तोच पहिला उपाय होय.